प्रश्नपत्रिकांची पीडीएफ पुढे पाठवताना : अनुभव धागा

लोकसेवा आयोगाची झालेली प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही मिळते, तर क्लासच्या सराव परीक्षेची फाइल फी भरणाऱ्यालाच मिळते. पण टेलिग्रामच्या ग्रुपवर दोन्ही एकाच रांगेत येऊन पडतात आणि आपण न पाहताच पुढे पाठवतो. आपण काय पाठवले, काय पाठवायचे नाकारले आणि त्या वेळी मनात काय होते, ते सविस्तर लिहावे, ही विनंती. क्लासचे वा व्यक्तीचे नाव कृपया घेऊ नये.

पुणे, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी : अभ्यासिकेतल्या आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून एका क्लासची टेस्ट सिरीज घेतली आणि नोंदणी माझ्या नावावर केली. एकाच्या फीवर सहा जणांनी अभ्यास करणे हेच मुळात नियमाबाहेर होते, हे तेव्हा आम्ही मनावर घेतले नाही. प्रत्येक पानावर माझा मोबाइल नंबर तिरप्या करड्या आकड्यांत छापलेला असे. आमच्यातल्या एकाने एक पेपर गावाकडच्या मित्राला दिला आणि त्याने नंबरावर पांढरे ठिगळ लावून तो मोठ्या ग्रुपवर टाकला. मात्र अकराव्या पानावर ठिगळ सरकले होते आणि शेवटचे चार आकडे स्पष्ट दिसत होते. क्लासने लॉगिन बंद केले, तेही पूर्वपरीक्षेला तीन आठवडे उरले असताना. मला क्लासचा राग आला नाही. बाकीच्या पाच जणांचे पैसे माझ्या नावावर बुडाले आणि त्यांतल्या दोघींनी ते घरून मागवून घेतले होते, याची टोचणी अजून आहे.

नाशिक, शिक्षक : मी राज्यघटना शिकवतो आणि क्लाससाठी प्रश्नही काढतो. चारही पर्याय खरे वाटावेत आणि बरोबर उत्तर मात्र एकच असावे, असा बहुविधानी प्रश्न जमायला कधी कधी तासभर जातो. प्रश्नपत्रिका ही स्वतंत्र लेखनकृती असते, हे लंडन विद्यापीठाच्या पेपरांवरून इंग्लंडमधील न्यायालयाने १९१६ मध्येच मान्य केले होते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला नक्कल करण्याची मुभा देते, आणि दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात तिथल्या उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्या मुभेचा अर्थ उदारपणे लावला; त्यामुळे वर्गातल्या पाच मुलांनी माझा पेपर वाटून घेतला, तर मला आनंदच होईल. हजारो अनोळखी लोकांच्या ग्रुपला मात्र मी वर्ग म्हणू शकत नाही. सर्वांत जिव्हारी लागले ते माझेच प्रश्न, माझ्या एका शुद्धलेखनाच्या चुकीसकट, दुसऱ्याच क्लासच्या बोधचिन्हाखाली विकले जाताना पाहणे.

लातूर जिल्हा, शासकीय कर्मचारी : मी अशाच फुकट फाइलींवर अभ्यास करून पास झाले. आता गावातल्या मुलींना आयोगाच्या प्रश्नपत्रिकांचा आणि उत्तरतालिकांचा दुवा पाठवते आणि रविवारी स्वतः प्रश्न तयार करून देते. पण त्या काळात मला कोणी समजावले असते, तर मी ती फाइल नाकारली असती, असे मी म्हणणार नाही.

मुंबई, विधी शाखेचा विद्यार्थी : सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सनदी लेखापालांच्या संस्थेच्या प्रकरणात जो विचार मांडला, तो मला पटतो : प्रश्नपत्रिका परीक्षेआधी गोपनीय असते, परीक्षा झाल्यावर ती गोपनीयता उरत नाही. अडचण आहे ती अनेक सत्रांत होणाऱ्या संगणकीय परीक्षांची, कारण तिथे एकाची परीक्षा झालेली असते आणि दुसऱ्याची व्हायची असते. पेपरफुटीसाठी किमान ३ वर्षांच्या कैदेची तरतूद करणारा केंद्राचा कायदा २०२४ मध्ये आला. माझा प्रसंग त्याच्या आधीचा आहे. माझे सकाळचे सत्र होते, मित्राचे दुपारचे. मी केंद्राच्या फाटकाबाहेर चपला घालत असतानाच त्याचा फोन आला, "कुठल्या धड्यावर काय आलंय, तेवढंच सांग." मी म्हणालो, "तुझा पेपर झाला की बोलू." त्याने फोन ठेवला आणि त्यानंतर सहा महिने तो माझ्याशी बोलला नाही.