टार्टनच्या नोंदवहीत विणकर कुठे आहे?

धागाकर्ता:
स्कॉटलंडच्या संसदेने २००८ साली कायदा करून टार्टनची, म्हणजे रंगीत पट्ट्यांच्या चौकड्यांनी विणलेल्या स्कॉटिश कापडाच्या नक्ष्यांची, अधिकृत नोंदवही निर्माण केली. फेब्रुवारी २००९ पासून ती चालू आहे. राष्ट्रीय वारसा जपण्याचा हा मार्ग मला अपुरा वाटतो. शुल्क भरून आणि दिलेल्या नावाशी आपला संबंध दाखवून जगातला कोणीही नवा चौकडा नोंदवू शकतो, फक्त तो आधीच्या चौकड्यांहून वेगळा हवा. विणलेला तुकडा देणे मात्र बंधनकारक नाही. म्हणजे जपले जाते काय, तर रंगांच्या नावांची आद्याक्षरे आणि प्रत्येक रंगाच्या धाग्यांचे आकडे! याउलट, हॅरिस ट्वीड हे लोकरी कापड स्कॉटलंडच्या बाह्य हेब्रिडीज बेटांवरच, विणकराच्या घरी, हाताने विणलेले असले पाहिजे, असे १९९३ च्या कायद्याने ठरवून दिले. टार्टन परदेशी गिरणीत विणले गेले तरी नोंदवहीला त्याचे सोयरसुतक नाही.

प्रतिसाद १:
असहमत. ते आकडे हाच टार्टनचा गाभा आहे. रॉब रॉय मॅकग्रेगर हे अगदी साधे टार्टन घ्या: तांबडे आणि काळे पट्टे, समान रुंदीचे, उभ्या आणि आडव्या धाग्यांत एकाच क्रमाने. जिथे तांबडा काळ्याला छेदतो तिथे तिरक्या विणीमुळे तिसरीच छटा दिसते. क्रम आणि प्रमाण लिहिलेले असले की कोणताही जाणता विणकर ते पुन्हा विणू शकतो.

नोंद नसली की काय होते हेही पाहा. १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना टार्टनचा पोशाख घालण्यास बंदी केली आणि ती १७८२ पर्यंत टिकली. पुढे १८४२ साली स्वतःला सोबिएस्की स्टुअर्ट म्हणवणाऱ्या दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताचा हवाला देऊन कुळाकुळांची टार्टन छापली. ते हस्तलिखित बनावट होते, पण त्यातली कित्येक टार्टन आज कुळांची म्हणून मिरवतात. तारीखवार सरकारी दप्तर तेव्हा असते तर ही थाप इतकी पचली नसती.

धागाकर्ता:
हा दाखला तर माझ्याच बाजूने बोलतो. नोंदणी म्हणजे प्राचीनतेची शहानिशा नव्हे, त्यामुळे तीच टार्टन आता सरकारी दप्तरात सुखाने नांदत आहेत. स्कॉटलंडमधल्या ग्लेन ॲफ्रिक या दरीजवळच्या दलदलीत सापडलेला टार्टनचा तुकडा आठवा. त्याचा काळ साधारण १५०० ते १६०० असा ठरला आणि हे २०२३ मध्ये जाहीर झाले, ते रंगद्रव्यांच्या तपासणीमुळे आणि कार्बन कालमापनामुळे. त्याचे नाव कुणाला ठाऊक नाही, पण कापड हाती होते म्हणून कृत्रिम रंग त्यात नाहीत हे कळले. आद्याक्षरांतून हे कसे कळणार होते?

प्रतिसाद २:
नमुना सक्तीचा करावा, इतपत मान्य. पण हॅरिसचा कायदा इथे लावणे अनाठायी आहे, कारण टार्टन कधीच एका बेटाची मिरास नव्हती. शिवाय कायदा केला की विणकर तगतो हा भरवसा कुठून आणला? पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी यंत्रमागावरच्या नकला राजरोस खपतात. टार्टनच्या नोंदीने तर कोणताही मालकी हक्क मिळत नाही, आणि मला तोच तिचा गुण वाटतो.

प्रतिसाद १:
नमुन्याची सक्तीही नको. कॅनडातल्या एखाद्या छोट्या स्कॉटिश मंडळाने केवळ नोंदीसाठी गिरणीकडून कापड विणून घ्यायचे, तर तो खर्च नोंदणीच्या शुल्कापेक्षा कितीतरी जास्त होईल.

धागाकर्ता:
होऊ द्या. ज्या टार्टनचा हातभर तुकडाही कोणी विणून घेतला नाही, त्याला राष्ट्रीय वारसा म्हणायला माझी तयारी नाही.