पाणंद आणि घाटवाटांसाठी जिमनी : आधी टायर वाढवावेत की आधी उंची?

घाटमाथा (धागाकर्ता)

भोर, वेल्हे, मुळशी या पट्ट्यात मारुतीची पाच दारांची जिमनी घेऊन पाणंदींतून आणि ओढ्यांतून फिरणारे आता बरेच दिसतात. त्यांतले अनेक जण गाडी ताब्यात आल्या आल्या 2 इंचांचे लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंग वगैरेंचा संच, बसवून घेतात. टायर मात्र कंपनीचेच, 195/80 आर 15 मापाचे (195 मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या 80 टक्के, रिम 15 इंचांची), ठेवतात. हा क्रम उलटा आहे असे माझे ठाम मत आहे आणि त्यावर साधकबाधक चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

जिमनीला पुढे आणि मागे, दोन्हीकडे अखंड ॲक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच ताठ दांडा, आहे. तिचा 210 मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून सर्वांत खालच्या भागापर्यंतची उंची) मोजला जातो तो ॲक्सलवरच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या, फुगीर हाउसिंगखाली. स्प्रिंग उंच केली की चॅसी (गाडीचा सांगाडा), बॉडी आणि बंपर वर जातात, पण ॲक्सल चाकांच्या मध्यावरच राहतो. त्यामुळे लिफ्ट केल्यावरही हा आकडा 210 मिमीच राहतो. ट्रॅक्टरने खोल केलेल्या चाकोऱ्यांमध्ये मधला उंचवटा सर्वांत आधी टेकतो तो याच हाउसिंगला. पावसाळ्यानंतर गाडी रॅम्पवर घेऊन खालून पाहिली, तर हाउसिंगच्या तळाचा रंग खरवडला जाऊन उघडे पडलेले लोखंड दिसते, आणि चॅसीवर मात्र अनेकदा चिखलाशिवाय काहीही नसते.

हाउसिंग वर उचलायचे तर टायरचा व्यास वाढवावा लागतो. 195/80 आर 15 चा व्यास सुमारे 693 मिमी, 215/75 आर 15 चा 703 मिमी आणि 235/75 आर 15 चा 733 मिमी येतो. व्यासातल्या वाढीच्या निम्मीच उंची ॲक्सलला मिळते, म्हणजे पहिल्या बदलात 5 मिमी आणि दुसऱ्यात 20 मिमी. आकडे छोटे वाटतात, पण लिफ्टमुळे मिळणारा आकडा तिथे शून्य आहे. म्हणून आधी ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या) नक्षीचे टायर घ्यावेत, एक पावसाळा हवा कमी करून चालवून पाहावे आणि त्या टायरला जागा हवी असेल तेवढाच लिफ्ट करावा, असे मी सुचवतो.

कातळसडा

आपले गणित बरोबर आहे, परंतु ते घाटमाथ्याच्या मातीपुरते बरोबर आहे. आमच्याकडे राजापूर-लांज्याच्या बाजूला चाकोऱ्या कमी आणि पायऱ्या फार. जांभ्याचा कातळ, चिरेखाणीची कड, पडलेला गडगा ओलांडताना पुढची चाके सहज वर चढतात आणि नंतर गाडीचे पोट कडेवर बसते. तिथे ॲक्सलखालच्या उंचीचा प्रश्न येत नाही, दोन ॲक्सलांच्या मधल्या उंचीचा येतो.

पाच दारांच्या जिमनीचे खरे दुखणे हेच आहे. तीन दारांच्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलांमधले अंतर) 2250 मिमी आहे, आपल्याकडे मिळणाऱ्या गाडीचा 2590 मिमी. त्यामुळे रॅम्प ब्रेकओव्हर कोन, म्हणजे पोट न टेकवता किती तीव्र उंचवटा ओलांडता येतो तो कोन, 28 अंशांवरून 24 अंशांवर आला. बंपर न टेकवता चढण्या-उतरण्याचा पुढचा 36 अंशांचा आणि मागचा त्याहूनही मोठा कोन पुरेसा आहे. कमी पडतो तो मधलाच. पोट 50 मिमी वर गेले की या व्हीलबेसला साधारण 4 अंश मिळतात, म्हणजे गाडी तीन दारांच्या जिमनीच्या बरोबरीला येते. आपण सुचवलेल्या 215/75 टायरने जेमतेम अर्धा अंशही मिळत नाही. एवढे स्पष्ट गणित समोर असताना लिफ्टला दुय्यम ठरवणे मला मान्य नाही.

घाटमाथा

मधल्या कोनाचा मुद्दा मला मान्य आहे आणि मूळ लेखात तो यायला हवा होता. तरीही क्रमाबद्दल माझे मत कायम आहे. पोट टेकणार असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलांना ताकद वाटणारी गिअरपेटी) आणि टाकीखाली जाड पत्रा लावता येतो, दारांखाली स्लायडर (घासत सरकण्यासाठीचे मजबूत पाइप) बसवता येतात, कड तिरकी घेऊन एकेक चाक उतरवता येते. गाडी कडेवर घसरली तरी पुढे जाते. डिफरन्शियल मातीत नांगरासारखे रुतले की मात्र चारही चाके फिरूनही गाडी जागची हलत नाही, आणि त्या परिस्थितीत तिरके जाण्याचा पर्यायही नसतो, कारण चाकोरी चाकांना सोडत नाही.

कमानपाटे

मी गॅरेज चालवतो. माझी सुरुवात जुन्या जीपच्या कमान पाट्यांवर झाली आणि आता कॉइल स्प्रिंगच्या गाड्या अधिक येतात. दोन्ही बाजूंनी जे लिहिले गेले त्यात एक गोष्ट राहून गेली आहे. लिफ्ट ही केवळ स्प्रिंगची बाब नाही.

जिमनीचा पुढचा ॲक्सल चॅसीला जोडणाऱ्या दोन लांब दांड्यांवर, म्हणजे रेडियस आर्मवर, झुलतो. गाडी वर गेली की हे आर्म तिरके होतात, त्याबरोबर ॲक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. परिणामी स्टिअरिंग वळणानंतर आपसूक सरळ होत नाही, महामार्गावर गाडी भरकटते आणि किंगपिनचे (चाक ज्यावर वळते त्या खिळीचे) बेअरिंग थोडे जरी सैल असेल तरी ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. त्यावर ऑफसेट बुश (मध्य सरकवलेले रबरी जोड) किंवा सुधारित कोनाचे रेडियस आर्म हाच उपाय आहे. ॲक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या पॅनहार्ड रॉडची लांबी तीच राहिल्याने ॲक्सल एका बाजूला सरकतो. तो लांबी बदलता येणाऱ्या रॉडने मध्यावर आणावा लागतो. ब्रेकचे होज (रबरी नळ्या) ताणले जातात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्प्रिंग 2 इंच उंच केली पण शॉक ॲब्सॉर्बर जुनाच ठेवला, तर चाक खाली लोंबकळण्याची मोकळीक तेवढीच 2 इंचांनी घटते. उंच दिसणारी गाडी खड्ड्यात चाक लवकर उचलते आणि कंपनीच्या उंचीची गाडी ज्या जागी निघाली असती त्याच जागी अडकते.

फक्त स्पेसर (स्प्रिंगखाली घालायची चकती) टाकून दिलेला लिफ्ट मी कोणालाही सुचवत नाही. स्प्रिंग, लांब शॉक, बुश, रॉड आणि होज यांचा पूर्ण खर्च परवडत नसेल, तर तोच पैसा टायरमध्ये घालावा. पूर्ण किट घेणार असाल तर 50 मिमीच्या वर जाऊ नये, कारण त्यापुढे ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे कोनही बिघडू लागतात.

शिवरस्ता

कमानपाटे यांच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र मोठ्या टायरच्या बाजूने जो सूर लागला आहे त्याला माझा विरोध आहे. आमचे शेत बार्शीजवळ आहे. काळ्या मातीतून वर्षभर ये-जा माझीच असते, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी सुट्टीच्या दिवसापुरता नाही.

पहिली गोष्ट रिमची. जिमनीची रिम साडेपाच इंच रुंद आहे. तीवर 215/75 बसतो; 235/75 साठी किमान 6 इंचांची रिम लागते. तरीही कित्येक ठिकाणी तो जुन्याच रिमवर चढवून दिला जातो. मग टायरची छाती फुगते, मधली नक्षी आधी झिजते आणि हवा कमी केल्यावर साइडवॉल धड आधार देत नाही. नवी रिम घेताना ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसते ते माप) चुकला तर टायर आत रेडियस आर्मला किंवा बाहेर बंपरच्या कोपऱ्याला घासतो.

दुसरी गोष्ट ताकदीची. इंजिन दीड लिटरचे, टॉर्क 134 न्यूटन मीटर. 733 मिमीच्या टायरवर जमिनीपर्यंत पोहोचणारी ओढ साडेपाच टक्क्यांनी घटते आणि प्रत्येक चाकाचे वजन टायरच्या बांधणीनुसार चार-पाच किलोंनी वाढते. चढावर अर्धा क्लच धरून गाडी ओढणाऱ्यांना हा फरक वासावरून कळतो. पूर्वी स्पीडोमीटर 80 दाखवत असताना जो वेग असे, त्याहून आता साडेचार ते पाच किलोमीटर अधिक असतो, तेही लक्षात ठेवावे लागते.

तिसरी गोष्ट चिखलाची, आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. साधारण बाराशे किलोंची गाडी अरुंद टायरवर असेल तर टायर वरचा राडा कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो. रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो. ऑल-टेरेन टायरच्या बारीक चरींमध्ये काळी माती भरली की काही मिनिटांत चाक गुळगुळीत होते. नंतर टायर कोणत्या मापाचा आहे याला अर्थ उरत नाही. मी कंपनीच्याच मापात मोकळ्या नक्षीचे टायर वापरते, चिखलात शिरण्याआधी हवा 16 ते 18 पीएसआयवर आणते आणि कंप्रेसर गाडीतच ठेवते. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा रुंदीपेक्षा लांबीला अधिक वाढतो. त्यातून मिळणारी पकड कोणत्याही किटने दिलेली नाही.

घाटमाथा

ताई, रिमबद्दल आपण लिहिलेले अगदी योग्य आहे. मीही 215/75 पर्यंतच जावे या मताचा आहे. पण काळ्या मातीला प्रत्येक ठिकाणी खाली घट्ट थर असतोच असे नाही. तळ्याकाठी किंवा कालव्याच्या पाझराजवळ ती दोन फूट खोलवर तशीच मऊ असते. तिथे अरुंद टायर कापत कापत थेट ॲक्सलपर्यंत नेतो. नदीच्या कोरड्या वाळूतही रुंद आणि कमी हवेचा टायरच तारतो.

शिवरस्ता

अशा पाझराच्या जागेत मी कोणत्याही टायरवर गाडी घालणार नाही, आणि इतरांनीही घालू नये असे मला वाटते. वाळूचा मुद्दा मान्य आहे.

नगरी थार

हा धागा वाचून महिंद्राच्या थारवाल्यांनी परस्पर निष्कर्ष काढू नयेत म्हणून थोडे लिहितो. 2020 नंतरच्या थारला पुढे डबल विशबोन, म्हणजे स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि मागे अखंड ॲक्सल. पुढे लिफ्ट केल्यावर डिफरन्शियल बॉडीबरोबर वर जाते, त्यामुळे धागाकर्त्यांचा मूळ मुद्दा तिथे लागू होत नाही. त्याची किंमत सीव्ही जॉइंटला (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या लवचीक सांध्याला) मोजावी लागते : कोन वाढतो, रबरी बूट फाटतो, माती आत शिरते. थारला 226 मिमी क्लिअरन्स आणि 245/75 आर 16 किंवा 255/65 आर 18 असे मोठे टायर मुळातच मिळतात. माझ्या मते थारला लिफ्टची गरज स्पर्धेत उतरणाऱ्यांनाच आहे. गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेतल्या गाड्या पाहून रोजची गाडी ठरवू नये.

सातारा अधिवक्ता

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येतो. त्यामुळे कंपनीच्या मापाच्या जितके जवळ राहता येईल तितके राहावे.

कातळसडा

अधिवक्त्यांचा मुद्दा गंभीर आहे आणि तो लक्षात घेता मी 40 मिमीपर्यंतच थांबायला तयार आहे. त्यातूनही 3 अंशांहून अधिक मिळतात. परंतु कातळावर फिरणाऱ्याने आधी टायर घ्यावेत हे मला अजूनही पटत नाही. 195/80 वर चांगल्या साइडवॉलचे टायर, पोटाखाली पत्रा आणि पूर्ण किटसह 40 मिमी, असा माझा क्रम राहील.

कमानपाटे

कोणताही क्रम निवडा, पण गॅरेजमधून गाडी बाहेर काढण्याआधी एक तपासणी करून घ्या. पुढचे डावे चाक आणि मागचे उजवे चाक ठोकळ्यांवर चढवा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि मेकॅनिकला खाली बसवून टायर रेडियस आर्मला, लायनरला (चाकावरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला) आणि होजला कुठे लागतो ते पाहायला सांगा. मग ठोकळे उलट कोपऱ्यांखाली घेऊन तेच करा. आर्मवर घासून चमकलेला पट्टा दिसला तर बंप स्टॉप (चाक वर जाण्याला मर्यादा घालणारा रबरी ठोकळा) वाढवा किंवा टायरचे माप एक पायरी खाली आणा. त्यानंतर बुश घट्ट करा, आणि तेही गाडी चाकांवर उभी असतानाच. गॅरेजच्या उचलयंत्रावर टांगलेल्या अवस्थेत आवळलेले बुश पिळले जाऊन लवकर फाटतात.