वस्तू टाकली की माणूसही थोडा टाकला जातो का?

सुतारपक्षी: घर आवरताना 'वर्षभर हात लावला नाही ना, मग टाक' असा सल्ला सर्रास देतात, मला तो मुळातच पटत नाही. वडिलांची सुतारकामातली पटाशी आहे माझ्याकडे, मुठीवर त्यांच्या अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय, माझा अंगठा तिथे बसत नाही, जरा पुढे जातो. दुसरी आणली तर काम तेच होईल, पण मी कुणाच्या हाताखाली शिकलो ते त्या नवीनमधे कुठून येणार? मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मधेच लिहिलंय की माणूस ज्याला ज्याला माझं म्हणू शकतो, त्या सगळ्याची बेरीज म्हणजे तो. मला हे शंभर टक्के खरं वाटतं.

मोकळाहात: साफ असहमत. ती चोरीला गेली तर काम विसरणार का तुम्ही? आणि 'माझं' वाटायला वेळ किती लागतो बघा, माणसं आर्थिक निर्णय कसे घेतात याचे अभ्यासक काहनेमन, थेलर वगैरेंचा १९९० चा प्रयोग आहे, अर्ध्या लोकांना कॉफीचे मग फुकट दिले आणि लगेच विकायला सांगितले तर त्यांनी घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत लावली. हातात येऊन काही मिनिटं झालेला मग! असल्या भावनेवर ओळख उभी करायची?

अधलीमधली: तो प्रयोग किमतीचा आहे हो, ओळखीचा नाही. समाजशास्त्रज्ञ गॉफमनने १९६१ मधे मनोरुग्णालयांवर लिहिलं तेव्हा हेच दाखवलं, आत घेतानाच माणसाचे कपडे, कंगवा, किडुकमिडुक सामान सगळं काढून घेतात आणि सगळ्यांना एकसारखं देतात. त्यात माणूस खचतो. नुसत्याच वस्तू असत्या तर एवढं कशाला झालं असतं?

मोकळाहात: खचतो तो जबरदस्तीने. स्वखुशीने वाटून टाकणारा कुठे खचतो?

अधलीमधली: कारण काय ठेवायचं ते तो ठरवतो ना! मुद्दा तोच आहे, निवड हिरावली की माणूस हिरावला जातो.

मोकळाहात: ठीक, निवडीचं मान्य. पण मग गेलेल्या माणसाचं कपाटच्या कपाट ज्यांच्या गळ्यात पडतं त्यांची निवड कुठे गेली? टाकलं तर अपराधी वाटतं, ठेवलं तर स्वतःच्या सामानाला जागा उरत नाही. त्यांनी दुसऱ्याची ओळख आयुष्यभर सांभाळायची हे मला अन्यायाचं वाटतं.

सुतारपक्षी: कपाट सांभाळा असं मी कधीच म्हणणार नाही. वापरात असलेलं एखादं हत्यार आणि बंद कपाट यात फरक करा, एवढंच.