जस्ताच्या अणूभोवतीचा क्रॉस
अतिवाहकांबद्दल (रोधाशिवाय वीज वाहून नेणाऱ्या पदार्थांबद्दल) असं म्हटलं जातं की अशुद्धीमुळे टनेलिंगच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन पातळ अडथळ्यातून पार जाण्याच्या, मोजमापात गोंगाट येतो, म्हणून नमुना शक्य तितका शुद्ध घ्यावा. मोठ्या क्षेत्रफळाच्या जंक्शनपुरतं (असा अडथळा असलेल्या जोडापुरतं) हे पटतं: तिथे हजारो जागांची सरासरी निघते आणि ऊर्जा-फटीचा (अतिवाहकातल्या इलेक्ट्रॉनांना बंद असलेल्या ऊर्जांच्या पट्ट्याचा) तळ भरून आल्यासारखा दिसतो. पण स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपने एकेका अणूवर मोजलं, की तीच अशुद्धी बोलू लागते.

२००० साली भौतिकशास्त्रज्ञ सीमस डेव्हिस यांच्या गटाने बिस्मथच्या क्युप्रेटमध्ये (तांबे-ऑक्सिजनचे थर असलेल्या अतिवाहकात) तांब्याच्या काही जागी मुद्दाम जस्त घातलं. जस्ताच्या अणूवर टनेलिंगच्या आलेखात फटीच्या कडांची शिखरं दबली आणि शून्य ऊर्जेच्या अगदी जवळ, सुमारे -१.५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टला, तीव्र शिखर आलं. त्या अणूभोवती नकाशात दिसलेला चार हातांचा क्रॉस, क्युप्रेटमधली डी-वेव्ह (दिशेनुसार बदलणारी) फट जिथे शून्य होते त्या दिशांना धरून होता! नेहमीच्या एस-वेव्ह अतिवाहकात (जिथे फट कोणत्याच दिशेला शून्य होत नाही) अचुंबकीय अशुद्धीने एवढं बिघडत नाही (अँडरसनचं प्रमेय). इथे उलट अचुंबकीय जस्त जास्त घातक, आणि पुढे तपासलेलं चुंबकीय निकेल त्या मानाने सौम्य निघालं. माझ्या मते या पदार्थांतली ही सर्वांत बोलकी मोजमापं आहेत, आणि ती पूर्ण शुद्ध नमुन्यात मिळालीच नसती.