आईसाठी शुगरवाली चप्पल कुठली घ्यावी? बजेट दीड हजार

मिरजकर_पोरगा: आईला शुगर खूप वर्षांची. डॉक्टरांनी तो 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून बघितला तर अंगठ्याखाली कळतच नाही म्हणाली. जखम नाही अजून. एमसीआर चप्पल घ्या म्हणालेत, घरातपण घालायची. चालणं फक्त घर, देऊळ, मंडई.

नाना_कोथरूड: बजेट विसरा. मी साडेसहा हजाराचे बूट घेतले, ढगावर चालल्यासारखं वाटतं.

सुमाताई: मागे पट्टा असलेलीच घ्या. माझ्या सासूबाईंची चप्पल देवळातून येताना रस्त्यात निसटली, पत्ताच नाही, घरी येऊन बघतो तर तळव्याला मोठा फोड, मे महिना होता. अंगठ्याची तर अजिबात नको.

गावरान_गडी: सकाळी दवात अनवाणी चाला, नसा मोकळ्या होतात. चपला विकायचे धंदे सगळे.

सुमाताई: दादा, ज्यांना काटा टोचलेला कळत नाही त्यांना अनवाणी चालवता?

फूटकेअर_वाचक: भांडू नका. एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर, कडकपणाच्या शोअर मापात 15 च्या आसपासचं. ते आतल्या थराला, खालचा सोल कडकच हवा म्हणजे काच-खिळा वर येत नाही. बांधणीत खिळे नकोत. माप संध्याकाळी द्या, पाय सुजलेले असतात. पहिले काही दिवस तासभरच घाला, काढल्यावर तळवा बघा, लाल डाग राहिला तर चप्पल परत. आणि भोवरीला कॉर्न कॅप लावू नका, त्यातल्या अ‍ॅसिडने कातडी जाते.

विजू७२: मेमरी फोम घेतला होता, पार चपटा झाला. पैसे पाण्यात. मागे पट्टा हवा हे बरोबर.

नाना_कोथरूड: म्हणूनच म्हणतो साडेसहावाले घ्या.

मिरजकर_पोरगा: आई म्हणते ती काळी रबरी चप्पल कुष्ठरोग्यांची, लोक काय म्हणतील.

फूटकेअर_वाचक: आली तिकडूनच आहे, दोन्ही आजारांत पाय बधिर होतात. पण हल्ली चॉकलेटी, टॅन सगळं मिळतं.

मिरजकर_पोरगा: अपडेट. लेडीजमध्ये पंजा अरुंदच, बोटं दाबली जात होती. शेवटी जेन्ट्सचं चॉकलेटी सँडल घेतलं, मागे वेलक्रो, आत एमसीआर, 1,350. घरातली जुनी स्लीपर मात्र सोडत नाही.

सुमाताई: जेन्ट्सचं?? टाच सैल असेल बघा, घासेल.

विजू७२: दुकान कुठलं? आमच्या हिलापण काळी नकोय.