मदत हवी आहे: पराग मराठे यांच्या कारकिर्दीवरील लेखात खेळाडूंच्या करारांचा भाग कसा मांडावा?

नमस्कार.

बे एरियातील आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी पराग मराठे यांच्यावर लेख लिहीत आहे. आडनावामुळे मंडळींना त्यांच्याविषयी कुतूहल असते. परंतु सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघात ते नेमके काय करतात असे विचारल्यास ‘फार मोठ्या पदावर आहेत’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. लेखाचा पूर्वार्ध जमला आहे, उत्तरार्धासाठी अमेरिकन फुटबॉलच्या जाणकारांची मदत हवी आहे.

पूर्वार्धात बर्कलीतील शिक्षण, बेन अँड कंपनी या सल्लागार कंपनीतील नोकरी, ड्राफ्टमधील (संघांनी पाळीपाळीने करायची नव्या खेळाडूंची निवड) कोणत्या क्रमांकाचे मोल किती धरावे याचे गणित बसवण्यासाठी संघाचे तेव्हाचे जनरल मॅनेजर (खेळाडू निवडणारे प्रमुख) बिल वॉल्श यांच्या काळात त्या कंपनीकडे आलेले काम, आणि त्यातून २००१ मध्ये संघातच झालेला प्रवेश, एवढे आले आहे. पुढे स्टॅनफर्डचे एमबीएही झाले. २००१ पासून स्टीव्ह मारिउची ते काइल शनाहन असे आठ मुख्य प्रशिक्षक संघाने पाहिले (हंगामी नेमणुका वगळून), टेरी डोनाह्यू यांच्यापासून जॉन लिंच यांच्यापर्यंत जनरल मॅनेजरही बदलत गेले. मराठे मात्र टिकून राहिले. दोन हंगाम वाईट गेले की नारळ मिळतो अशा या धंद्यात हे कसे साधले, हाच माझ्या मते लेखाचा गाभा आहे.

संघातर्फे खेळाडूंच्या करारांच्या वाटाघाटी हे मराठे यांचे मुख्य काम. उदाहरण म्हणून मी क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) कॉलिन कॅपरनिक यांचा २०१४ चा करार घेतला आहे. मथळ्यांत सहा वर्षांचे १२ कोटी ६० लाख डॉलर झळकले आणि हमीची रक्कम ६ कोटी १० लाख सांगितली गेली. प्रत्यक्षात सही करताना पूर्णपणे पक्के झालेले पैसे सुमारे १ कोटी ३० लाखच होते. उरलेली हमी केवळ दुखापतीपुरती होती, आणि त्या त्या वर्षीच्या १ एप्रिलला खेळाडू संघात असेल तरच त्या वर्षाचा पगार पक्का होणार होता. शिवाय संघ सुपर बोलपर्यंत (अंतिम सामन्यापर्यंत) पोहोचला नाही आणि खेळाडूची ऑल-प्रो (हंगामातील सर्वोत्तमांच्या मानाच्या संघात) निवडही झाली नाही, तर पुढील वर्षांच्या मोबदल्यातून दरवर्षी २० लाख कमी होण्याची तरतूद होती. यावर कडी म्हणजे अपंगत्वाचा २ कोटींचा विमा खेळाडूने काढायचा आणि त्याचा लाभ संघाला मिळायचा. २०१७ मध्ये कॅपरनिक बाहेर पडले तेव्हा त्यांच्या हाती मथळ्यातील आकड्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास रक्कम आली होती.

माझे प्रश्न दोन आहेत. केवळ क्रिकेट पाहणाऱ्या वाचकाला सॅलरी कॅपचा (खेळाडूंवरील वार्षिक खर्चाची कमाल मर्यादा) हा हिशेब दोन-तीन परिच्छेदांत कसा समजवावा? आणि खेळाडूची निवड जनरल मॅनेजरने केली असेल, तर करार करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदरात नेमके कोणते श्रेय टाकावे?

प्रतिसाद

विषय चांगला निवडला आहे. आपल्या वाचकांना आयपीएलच्या लिलावातील पर्स ठाऊक असते, तिथूनच सुरुवात करावी. आयपीएलमध्ये खेळाडूवर लागलेली बोली त्या वर्षीच्या पर्समधून वजा होते आणि विषय संपतो. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये पैसे एका वर्षी हातात पडतात आणि हिशेबात अनेक वर्षांवर विभागले जातात. पाच वर्षांच्या करारावर २ कोटींचा सायनिंग बोनस (सही करताना मिळणारी रक्कम) दिला, तर तो कॅपमध्ये दरवर्षी ४० लाख असा मोजला जातो. दोन वर्षांनी खेळाडूला काढल्यास उरलेले १ कोटी २० लाख मैदानावर नसलेल्या माणसापोटी हिशेबात घ्यावे लागतात. संघ गाळात जातात ते बहुधा याच पैशांमुळे.

दुसऱ्या प्रश्नासाठी मी कॅपरनिकपेक्षा पुढील क्वार्टरबॅक जिमी गरोपोलो यांच्या फेब्रुवारी २०१८ च्या कराराकडे बोट दाखवीन. कॅपरनिकचा करार वाचताना वाचकाची सहानुभूती साहजिकच खेळाडूकडे जाते, आणि ती जावीही. परंतु त्यातून अधिकाऱ्याचे कसब अर्धेच दिसते. गरोपोलो यांचा करार पाच वर्षांचा आणि १३ कोटी ७५ लाखांचा होता. त्या वर्षी कॅप १७ कोटी ७२ लाख होती आणि संघाकडे भरपूर जागा शिल्लक होती, म्हणून एकट्या २०१८ च्या हिशेबात ३ कोटी ७० लाख घेऊन पुढील वर्षे हलकी ठेवली गेली. तो हंगाम गरोपोलो यांच्या गुडघ्याच्या दुखापतीमुळे वाया गेला. तरीही २०१९ मध्ये डी फोर्ड आणि क्वॉन अलेक्झांडर या बचावपटूंना घेण्याइतकी मोकळीक संघाकडे होती, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये संघ सुपर बोल खेळला.

तेव्हा कोणाला घ्यायचे हे श्रेय लिंच व शनाहन यांचे. घेतल्यावर दोन वर्षांनी हात बांधलेले नसणे, हे मराठे यांचे. जनरल मॅनेजर कोणीही येवो, त्याला हीच मोकळीक हवी असते, आणि त्यांच्या टिकून राहण्याचे कारण मला तरी यातच दिसते.

लीड्स युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचे अध्यक्षपद आणि अमेरिकेच्या क्रिकेट मंडळाचे पूर्वीचे नेतृत्व या गोष्टी एका परिच्छेदात आटोपाव्यात. त्या आकर्षक आहेत, पण त्यांच्यामागे लागलात तर करारांना जागा उरणार नाही.