अलिबागला गर्दी दुप्पट, मग नागावच्या खानावळीत पानं का कमी?

चौलकर (मु. ऐरोली)

इथे ठाणे-नवी मुंबईची बरीच मंडळी आहेत आणि त्यातली निम्मी तरी वर्षातून एकदा अलिबागकडे वळतात, म्हणून हा वाद इथेच काढतो.

माझं म्हणणं असं. अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीद या पट्ट्यात माणसं वाढली, गाड्या वाढल्या, पण गावाच्या हातात पडणारा पैसा त्या मानाने वाढला नाही. कारण येणारा पाहुणा बदलला.

आधी कोण यायचं? ठाण्या-डोंबिवलीचं चौकोनी कुटुंब. नवरा बँकेत, बायको शाळेत. एसटीने, नाहीतर गेटवेहून मांडव्याच्या लाँचने यायचे. वाडीतली खोली, घरच्या बाईच्या हातचं जेवण. नागावला जायला स्टँडवरून रिक्षा, ओहोटी असेल तर कुलाबा किल्ल्यात जायला घोडागाडी. संध्याकाळी शहाळं. निघताना सोडे, सुकट, आणि उन्हाळा असेल तर पांढऱ्या कांद्याची माळ. एका कुटुंबाचा पैसा दोन दिवसांत सात-आठ घरांतून फिरायचा.

आता चौदा जणांचा ग्रुप येतो, तीन गाड्यांतून. पूलवाला व्हिला ॲपवरून बुक झालेला असतो. डिकीत बर्फ, कोळसा, मसाला लावून ठेवलेलं चिकन, पाण्याचे खोके, अगदी कागदी प्लेटांसकट सगळं पनवेलला भरून घेतलेलं. शनिवारी दुपारी व्हिलाचं गेट आत घेतं ते रविवारी अकराला बाहेर सोडतं. मालक मुंबईत, केअरटेकर परप्रांतातला. म्हणजे पाहुण्याचा निम्मा खर्च वडखळ नाक्याच्या अलीकडेच होऊन जातो. गावाच्या वाट्याला येतं ते डीजे, बाटल्या आणि विहिरीला मचूळ पाणी.

माझी आत्या नागावला खानावळ चालवते. ती म्हणते, "गाऱ्या लय येतान रं, पन दारान कोन थांबं नाय."

याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, तीही सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यात वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी नव्याने लावली तर उत्पन्न द्यायला सहा-सात वर्षं घेते. तेवढी वर्षं कोण थांबणार? ज्यांच्याकडे दुसरा आधार नव्हता त्यांनी वाडीचा तुकडा विकला. आज त्या तुकड्यांवर पूल आहेत.

तुम्ही जाता तेव्हा तुमचा पैसा तिकडे नक्की कोणाच्या हातात देता, जरा आठवून सांगा.

सीवूड्सवाला

असहमत. चौकोनी कुटुंब, चौकोनी कुटुंब काय लावलंय? त्यातलाच एक मी, लहानपणी वडिलांचं बोट धरून गेलेला. आम्ही काय करायचो ते ऐका. खोली चौघांची घ्यायची आणि आत्या-मामा धरून आठ जण झोपायचे. चिवडा, पोळ्या, बटाट्याची भाजी घरून. जेवणाच्या पानामागे दहा रुपये कमी करा म्हणून वडील अर्धा तास घासाघीस करायचे. शहाळं दोघांत एक. असा पाहुणा गेला म्हणून गळा काढायचा?

आणि हे कुटुंब यायचं कधी? दिवाळीत आणि मे महिन्यात. पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद, की अख्खं अलिबाग ओस. आता भर जुलैत व्हिले भरलेले असतात, कारण पाऊस बघत पूलमध्ये बसायला लोकांना आवडतं. बारा महिने माळी लागतो, पूल साफ करणारा लागतो, चादरी धुणारा लागतो, इन्व्हर्टर बिघडला की वायरमन लागतो. गवंडी, सुतार, प्लंबर यांना विचारा ते कोणाला दुवा देतात, डोंबिवलीच्या मास्तरांना की व्हिलावाल्यांना.

नागावची लेक (सध्या कोपरी)

सीवूड्सवाले दादा, माळी आणि प्लंबर मान्य. माझा चुलतभाऊ व्हिल्यांची वायरिंगची कामं करतो, त्याचं बरं चाललंय. पण हिशोब पुरता करा.

समजा, व्हिलाचं एका रात्रीचं भाडं वीस हजार. त्यातून ॲपचं कमिशन गेलं. उरलं ते मालकाच्या खात्यात. केअरटेकरला महिन्याचा पगार ठरलेला, व्हिला भरला काय नि रिकामा काय. स्वयंपाकाची बाई पाहुण्यांनी मागितली तरच.

आता आईची खोली धरा. दोन वेळचं जेवण धरून तीन हजार. मासळी थळच्या नाहीतर आक्षीच्या कोळणीकडून. नारळ आमच्याच वाडीतला. तांदळाच्या भाकऱ्या शेजारची वहिनी थापते, तिला भाकरीमागे पैसे. गॅस आणि तेल सोडलं तर सगळं तीन किलोमीटरच्या आतलं.

वीस हजारांतले गावात किती राहिले आणि तीन हजारांतले किती, एवढंच सांगा.

हिशोबी

नागावच्या ताई, सांगतो, हिशोब माझा धंदाच आहे (वाशीत ऑफिस आहे).

तुम्ही टक्का मोजताय, मी रक्कम मोजतो. तीन हजारांतले दोन हजार गावात राहिले. बरोबर? वीस हजारांतले पंधरा टक्के राहिले तरी तीन हजार झाले. टक्क्यावर कोणाची चूल पेटत नाही.

दुसरं. मालक मुंबईचा, मालक मुंबईचा हे पालुपद पुरे. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सहज घेता येत नाही, कुळकायदा आहे. तरी ती गेली, म्हणजे कोणीतरी विकली, रीतसर बिनशेती करून विकली आणि चांगला भाव घेऊन विकली. त्या पैशात मुलांची शिक्षणं झाली, कोणी ट्रॅव्हल्सच्या गाड्या घेतल्या. विकणाऱ्याला अक्कल नव्हती असं गृहीत धरणं मला तरी पटत नाही. आणि नागाव-वरसोलीत स्वतःच व्हिला बांधून भाड्याने देणारे गाववाले भरपूर आहेत. त्यांचं नाव या धाग्यात कोणी घेतलंच नाही.

चौलकर (मु. ऐरोली)

@हिशोबी, टक्का आणि रकमेचा मुद्दा वकिली आहे, पण चला, रकमेनेच बोलू. तीन हजार त्या बाजूला पडले, ते पडले किती जणांच्या हातात? एका केअरटेकरच्या आणि एका माळ्याच्या. नागावच्या ताईंच्या आईकडचे दोन हजार कोळीण, वहिनी, रिक्षावाला, शहाळंवाला असे पाच जणांत गेले. शिवाय एका व्हिलाच्या जागेत आधी दोन वाड्या होत्या. त्यांच्या खोल्या धरा ना तुमच्या बेरजेत.

भाव चांगला मिळाला म्हणता, तो २०२० च्या वादळानंतर लगेच विकणाऱ्यांना मिळाला नाही. अटल सेतू जानेवारी २०२४ ला सुरू झाला. त्याच्या आशेने भाव चढले ते दुसऱ्या-तिसऱ्या हातात.

पारसिकचा पाव्हणा

भाव, टक्का राहू द्या. आधी वडखळ ते अलिबाग रस्ता मोठा करा. कर्नाळ्याच्या खिंडीतच निम्मी सुट्टी संपते. 🙏

घोडबंदरची मावशी

तुम्ही सगळे पुरुष दिसता (नागावची लेक सोडून), म्हणून सगळा वाद कुटुंब की ग्रुप एवढ्यावरच अडलाय. आमच्यासारख्या बायका कोणाला दिसतच नाहीत.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. तेव्हापासून आमचा भिशीचा ग्रुप वर्षातून दोन-तीनदा निघतो. ठाण्याहून पनवेल, पनवेलहून अलिबाग. जातो तो मंगळवार-बुधवारी, कारण शनिवार-रविवार नातवंडं आमच्या गळ्यात असतात. व्हिला आम्हाला नको, पूलमध्ये उतरणार कोण? आम्हाला खानावळच हवी. आणि खरेदी! सुकट, सोडे, पापड, कोकम, कांद्याच्या माळा. परतताना एसटीत पाय ठेवायला जागा नसते.

पण तुमच्या खानावळवाल्यांचं काय चुकतं तेही ऐका. आमच्या निम्म्या जणींचे गुडघे गेलेत. खोली माडीवर, जिना उभा, आणि संडास भारतीय बैठकीचा. फोनवर विचारलं तर म्हणतात, "काकू, अ‍ॅडजस्ट करा." साठीनंतर अ‍ॅडजस्ट होत नाही हो. शेवटी आम्ही दिवसाचीच सहल करून रात्री घरी येतो. मुक्कामाचा पैसा तिथेच बुडाला ना?

आणि मंगळवारी निम्म्या जणी खात नाहीत. त्यांच्यापुढे काय येतं, तर बटाट्याची भाजी.

कळव्याची ट्रॅव्हलर

मावशींना माझा नमस्कार. मी टेम्पो ट्रॅव्हलर चालवतो, सतरा सीटर. गिऱ्हाईक कसं बदललं ते माझ्या गाडीत बसून बघा. घोडबंदर, मीरा रोड, मुलुंडकडचे गुजराती-मारवाडी ग्रुप आता भरपूर असतात. तीन पिढ्या एकत्र, आजी-आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत. पैसा सोडतात, घासाघीस करतात पण सोडतात. पहिला प्रश्न एकच, "भैया, प्योर वेज मिलेगा?" जैन असले तर कांदा-लसूणही नको.

खानावळीत नेलं तर दारावरची पापलेटाची पाटी बघूनच माघारी. मग मी गाडी हायवेच्या मोठ्या हॉटेलला लावतो. रेवदंड्याच्या बाजूला एकाने मागच्या पडवीत वेगळी चूल, वेगळी भांडी केली आहेत. माझा प्रत्येक शाकाहारी ग्रुप त्याच्याकडे. मला कमिशन वगैरे काही नाही, फक्त चहा.

चौलकर (मु. ऐरोली)

म्हणजे जिताडा, बोंबील सोडून आम्ही पनीर विकायचं? अलिबागला येऊन पनीर टिक्काच खायचा असेल तर ठाण्यात काय कमी आहे? उद्या म्हणाल, किनाऱ्यावर मासळी सुकवू नका, पाहुण्यांना वास येतो. म्हणतातच, खोटं नाही. एका व्हिलावाल्याने आमच्या ओळखीतल्या कोळणींना वाळवणाच्या जागेवरून हटकलं होतं.

नागावची लेक (सध्या कोपरी)

चौलकर, वासाच्या बाबतीत मी तुमच्यासोबत. मासळी वाळवायची जागा त्यांच्या आजे-सासवांपासूनची आहे, तिथे कोणाचं नाक चालणार नाही.

पण शाकाहारी म्हटलं की पनीर कुठून आलं? वालाचं बिरडं आपलंच. केळफूल, फणसाची भाजी, थंडीत पोपटी. पोपटीत वालाच्या शेंगा, बटाटे, वांगी घालून भांबुर्ड्याच्या पाल्यात मडकं लावलं तर कोंबडी आठवतसुद्धा नाही. हे सगळं आई घरच्यांसाठी करते आणि पाहुण्यांना सांगते, "व्हेजमध्ये काही नाही हो, बटाटा करते." मी तिच्याशी यावरून भांडलेय.

सीवूड्सवाला

बघा, आता कुठे मुद्द्यावर आलो. गिऱ्हाईक बदललं की दुकान बदलतं, यात रडण्यासारखं काही नाही. आणि एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर गाव उभं करणं धोक्याचं असतं. गोव्याचं उदाहरण घ्या. तिथे विलायतेहून चार्टर विमानं भरून माणसं यायची, त्यात थॉमस कुक या ब्रिटिश पर्यटन कंपनीचा मोठा वाटा. सप्टेंबर २०१९ मध्ये ती कंपनी एका रात्रीत बुडाली, अगदी सीझन तोंडावर असताना. त्या विमानांच्या भरवशावर बसलेल्या हॉटेलांचं काय झालं असेल? तेव्हा कुटुंब, ग्रुप, भिशी, जैन सगळेच येऊ द्यात.

चौलकर (मु. ऐरोली)

@सीवूड्सवाला, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. उद्या पूलची फॅशन गेली, किंवा त्याच अटल सेतूवरून लोक आणखी पुढे श्रीवर्धन-दिवेआगरला पळाले, तर व्हिलावाला कुलूप लावून दुसरीकडे बांधेल. आत्या कुठे जाणार?

हिशोबी

ते होईल तेव्हा बघू. आज करण्यासारखं एक आहे. ग्रामपंचायतीने घरपट्टी नीट लावावी. ज्या बंगल्याचं भाडं ॲपवर रोज फिरतंय तो कागदावर राहतं घर कसा? व्यावसायिक दराने आकारणी करा, कचऱ्याचे पैसे वेगळे घ्या. अख्ख्या गावाला उमटे धरणाचं गढूळ पाणी आणि व्हिलाच्या पूलला टँकरवर टँकर, यात मला व्यक्तिशः चीड येते. सरकारने मनावर घेतलं तर काय होतं ते किहीमला मार्च २०१९ मध्ये सगळ्यांनी पाहिलं, नीरव मोदीचा बंगला सुरुंग लावून पाडला. इथे तर नुसती पावती फाडायची आहे.

चौलकर (मु. ऐरोली)

पावती फाडणार कोण? सदस्यांपैकी निम्म्यांचे स्वतःचे व्हिले आहेत, तुम्हीच वर म्हणालात, गाववाले भरपूर आहेत.

हिशोबी

😄 मारलात. पण मग वाद पाहुण्याशी नाही, गावातल्या गावात आहे.

घोडबंदरची मावशी

ते तुम्ही निस्तरा. नागावच्या ताई, तुमच्या आईकडे खालच्या मजल्यावर खोली आहे का? आणि संडास?

नागावची लेक (सध्या कोपरी)

मावशी, खालच्या दोन खोल्यांत कमोड बसवायचं काम चालू आहे, माझ्या चुलतभावानेच प्लंबर दिलाय (हो सीवूड्सवाले दादा, व्हिल्यांचाच). दिवाळीनंतर या. मंगळवारी येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, बिरड्याचे वाल भिजवून सोलायला वेळ लागतो.

सीवूड्सवाला

ताई, आत्ताच नकाशावर खानावळ शोधली, सापडली नाही. आधी ते करा, मग व्हिल्यांना नावं ठेवा.

नागावची लेक (सध्या कोपरी)

आहे हो नकाशावर, पण पिन शेजारच्या व्हिलावर पडलाय. जेवायला आलेली माणसं त्यांच्या गेटवर बेल वाजवतात आणि तिथला केअरटेकर त्यांना आमच्याकडे पाठवून देतो. व्हिल्यांचा तेवढा फायदा मला कबूल आहे.